शिशावरचा मासा

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘माझी कारकीर्द’ या विषयावर लिहा, असं संपादिकाबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मला हसू आलं. कारकीर्द बँकेतल्या आणि सरकारी साहेबांची असते. त्यांच्या बदल्या होतात, बढत्या होतात, निरोपाला शाल मिळते. मी इकडे बंगालात, बेहालातल्या एका गाळ्यात बेचाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली उताणा पडून काढली. निरोपाला मला मिळालं ते कंबरेचं दुखणं. तेव्हा कारकीर्द राहू द्या, मी तुम्हाला एका केबलची गोष्ट सांगतो. ती सांगायला मी इतका उतावीळ झालोय की बाईंनी लेख मागितला नसता तरी मी तो त्यांच्या गळ्यात मारला असता.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण मंडळातले निम्मे लोक अजूनही मला मेकॅनिक समजतात आणि श्रीखंडाची वाटी हातात असताना क्लचबद्दल विचारतात. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. इंजिन मेकॅनिकचं. तारेतून जे जे वाहतं, म्हणजे ठिणगी, दिवे, हॉर्न, स्टार्टर, ते माझं. वडील कोकणातून खिदिरपूरच्या गोदीत वायरमन म्हणून आले, मी इथेच जन्मलो आणि त्यांच्याच पक्कडीवर माझा हात बसला. ‘जोशी असून गॅरेज?’ हा प्रश्न बदलीवर आलेल्या प्रत्येक नव्या कुटुंबानं मला एकदा तरी विचारलाय. बंगाल्यांनी कधी विचारला नाही. त्यांच्या लेखी मी जोशीबाबू, आणि जोशीबाबूंना गाडीचं दुखणं नुसतं ऐकून कळतं अशी माझी ख्याती होती. ती थोडीफार मीच पसरवली होती.

गिऱ्हाइकं एकेक भेटली! एक वकीलसाहेब होते. त्यांनी गाडी डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. गाडी त्यांच्या दिवंगत वडिलांची, आणि वडील जन्मभर डाव्या पक्षांचे कट्टर विरोधक. वकीलसाहेब अगदी गंभीरपणे मला म्हणाले, “जोशीबाबू, बाबांना आवडत नाही.” तीन महिने ते फक्त उजवीकडे वळत वळत कोर्टात जात होते. स्टिअरिंगच्या दांड्यातली हॉर्नची तार घासून उघडी पडली होती. मी दोन इंच टेप गुंडाळली आणि हॉर्न गप्प झाला. वकीलसाहेबांचा चेहरा मात्र उतरला. वडिलांशी चाललेलं बोलणं मी मध्येच तोडलं असं त्यांना वाटलं असावं. त्यानंतर ते माझ्याकडे फिरकले नाहीत.

गाळा बंद करून दोन वर्षं झाली होती. यंदा वैशाखात सकाळी दहाच्या सुमारास दारात शुभ्रादी उभ्या राहिल्या. शुभ्रादी म्हणजे बेहालातल्याच एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय बहात्तर, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

“जोशीबाबू, तुम्ही रिटायर झालात असं ऐकलं.”

“हो.”

“बरं झालं. म्हणजे तुम्हाला वेळ आहे. चला.”

त्यांच्या घराच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक अमेरिकन पिकअप उभा होता. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिक परत गेले आणि मागे गाड्यांचे ढीग ठेवून गेले. त्या लिलावात निघाल्या. शुभ्रादींच्या वडिलांची रोपवाटिका होती. त्यांनी हा पिकअप घेतला आणि शेवंतीच्या आणि क्रोटनच्या कुंड्या त्यातून साऱ्या शहरभर पोचवल्या. शुभ्रादी सतराव्या वर्षी याच गाडीवर चालवायला शिकल्या. वडील गेले, मग भाऊ गेला, गाडी कित्येक वर्षं शेडखालीच राहिली. आता घराचे आणि गाडीचे मालक दोघं, त्या आणि त्यांचा भाचा.

या भाच्याचं घरचं नाव बाप्पा. अशा नावाच्या माणसावर मराठी माणसाला धड रागावताही येत नाही. पण रागावण्यासारखं त्यानं केलं होतं. सॉल्ट लेकमध्ये त्याच्या मित्राचं नवं हॉटेल होत होतं, आणि त्या मित्राला पिकअपचा पुढचा भाग हवा होता. केबिनच्या मागे कापायची, नाक भिंतीतून बाहेर आलेलं दाखवायचं, बॉनेटवर कबाबच्या थाळ्या मांडायच्या.

“कबाब!” शुभ्रादी म्हणाल्या. “बाबा शाकाहारी नव्हते, पण तरी कबाब!”

आत्या आणि भाचा यांच्यात शेवटी एक करार झाला. दुर्गापूजेच्या आधी गाडी स्वतःच्या ताकदीवर चालली आणि सरकारकडे जुनं वाहन म्हणून तिची नोंद झाली, तर ती राहील. नाहीतर कापली जाईल. नोंद व्हायची तर गाडी मूळ स्वरूपात हवी आणि तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर ती चालूही व्हायला हवी. इंजिन एका चांगल्या मेकॅनिकनं उभं करून दिलं होतं. अडलं होतं ते स्टार्टरशी. त्याचं बटण पायाशी असतं. शुभ्रादींनी ते दाबलं, आणि इंजिन एकदा घुरघुरलं, दुसऱ्यांदा कण्हलं, तिसऱ्यांदा गप्प झालं.

“बारा व्होल्टची करून टाका असं सगळे सांगतात,” त्या म्हणाल्या. “मी करणार नाही. बाबांनी सहावर चालवली, मी सहावरच चालवणार.”

इथे जरा थांबून सांगायला हवं. आजच्या गाड्यांची बॅटरी बारा व्होल्टची. त्या काळातली सहाची. दाब निम्मा, म्हणजे तेवढंच काम करायला प्रवाह दुप्पट लागतो. घराच्या गच्चीवरची टाकी बुटकी असेल तर बादली लवकर भरायला नळ जाड हवा, तसंच. सहा व्होल्टला बॅटरीची केबल अंगठ्याएवढी जाड लागते. मी केबिनमधली फळी उचलून बघितलं. कुणीतरी मधल्या काळात बाजारातली साधी बारा व्होल्टची, करंगळीएवढी केबल बसवून ठेवली होती. बॅटरीवर दोष गेला, स्टार्टरवर गेला, बिचाऱ्या मेकॅनिकवरही गेला. चोर ही केबल होती, आणि ती मला पाच मिनिटांत सापडली! मी इतका खूश झालो की शुभ्रादींच्या हातचा चहा दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडून जाड केबल आणली, हातानं धरून जोडली. शुभ्रादींनी पायानं बटण दाबलं आणि गाडी अशी धडाडली की शेडवरचे पारवे उडाले. त्या ओरडल्या, मी ओरडलो. मग मी बॅटरीच्या खणावरचं पत्र्याचं झाकण बसवलं आणि ठिणग्यांचा फवारा उडाला. पायाखालची चटई धुमसायला लागली. मी तिच्यावर उरलेला चहा ओतला.

भानगड अशी होती, की त्या खणात केबलच्या टोकाला आणि झाकणाला मिळून जेमतेम बोटभर जागा. बाजारातली टोकं सरळ असतात, ती झाकणाला भिडतात. तिथं हवं होतं कोपरासारखं काटकोनात वळलेलं, शिशाचं ओतलेलं टोक. आणि तसं टोक एकेकाळी तिथं होतं, हे मला सीटखाली सापडलं. जुनी केबल कापताना कुणीतरी तिचा वीतभर तुकडा तिथंच टाकला होता. काळ्या वार्निशातला सुती गोफ, आत लालबुंद तांबं, टोकाला शिशाचा कोपर. कोपरावर तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा मासा उठवलेला होता.

आता माझी अक्कल बघा. गाडी अमेरिकन, म्हणून मासाही अमेरिकन, असं मी गृहीत धरलं. बेचाळीस वर्षं या शहरात काम केलेल्या माणसानं!

चार महिने मी तो मासा शोधला. मल्लिकबाजारातली जुन्या सुट्या भागांची एकेक टपरी पालथी घातली. लोक मला डायनॅमो दाखवत, हेडलाइटच्या कड्या दाखवत, एकानं तर अख्खा दरवाजा दाखवला. माझ्या मुलीनं बंगळुरूहून इंटरनेटवर एक पत्ता शोधून दिला. अमेरिकेतल्या एका जुन्या गाड्यांच्या संग्राहकाला मी इंग्रजीत तीन पानी पत्र पाठवलं, माशाचा फोटो जोडून. त्याचं उत्तर फार सभ्य होतं. अशी खूण त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती आणि ती कुठल्या नदीतली हे कळलं तर त्यालाही कळवावं, असं त्यानं लिहिलं होतं. तिकडे नव्या बनावटीच्या केबल मिळत होत्या, पण त्यांची टोकं वेगळ्या मापाची. कोपर कुणाकडेच नव्हता.

आणि मला रोज एक गोष्ट आठवत होती, जी मी शुभ्रादींना सांगितली नव्हती. अशा केबल मी स्वतः जाळल्या होत्या. जुन्या गाड्या बारा व्होल्टच्या करून घ्यायची लाट आली तेव्हा माझ्याकडे रांग लागायची. मी जाड केबल कापून काढायचो, कोपऱ्यात ढीग घालायचो आणि आठवड्यातून एकदा गाळ्यामागे पेटवायचो. गोफ जळून जायचा, शिसं वितळून वेगळं व्हायचं, स्वच्छ तांबं भंगारवाला न्यायचा. सगळेच तसं करायचे. किती जाळल्या ते मी कधी मोजलं नाही, आणि त्यांच्या टोकांवर काही खूण आहे का हे कधी वाकून बघितलंही नाही. त्याची मला लाज वाटते, ती इथे लिहून ठेवतो.

तपासणीचं पत्र आलं. तारीख होती विश्वकर्मापूजेच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळी अकरा. बाप्पानं पत्र वाचलं आणि सॉल्ट लेकच्या मित्राला कापणारा माणूस त्याच दिवशी दुपारी पाठवायला सांगितलं. वाईट नव्हता तो. “पिशी, चार महिने झाले,” एवढंच म्हणाला. आत्याला बंगालीत पिशी म्हणतात. वर्गात कुणी नापास झालेलं सांगताना मुख्याध्यापिका जशा बसत असतील, तशा शुभ्रादी बसून राहिल्या. मला ते बघवेना.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, इकडे विश्वकर्मापूजा म्हणजे कारागिरांची दिवाळी. प्रत्येक गॅरेजात, प्रेसमध्ये, रिक्षाच्या थांब्यावर हत्तीवर बसलेला विश्वकर्मा येतो. त्याच्या पुढ्यात हत्यारं मांडतात, शेंदूर लावतात, हार घालतात, आणि त्या दिवशी त्यांना कामाला हात लावायचा नाही. आभाळ पतंगांनी भरतं आणि सगळीकडे खिचडीचा वास असतो. गाळा होता तेव्हा मला वीस निमंत्रणं यायची. यंदा तीन आली. त्यातलं एक डमडमच्या एका बॅटरीवाल्याचं. शहराचं दुसरं टोक म्हणून मी दरवर्षी टाळत आलो होतो.

“अहो, जा तुम्ही डमडमला,” सुनीता, म्हणजे माझी बायको, म्हणाली. “घरात बसून तो शिशाचा तुकडा चोळताय, जपमाळ असल्यासारखा. मला वेड लागेल.”

म्हणून गेलो. दुकान आता इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं, नातू चालवतो. आजोबा हाराधनबाबू, शहाऐंशी वर्षांचे, मोतीबिंदूचा जाड चष्मा लावून खुर्चीत बसले होते. मी नमस्कार केला, द्रोणात खिचडी घेतली आणि देवाकडे वळलो. पुढ्यात पाने, पक्कडी, चार्जर, आणि त्यांच्यामध्ये पुस्तकासारखा उघडलेला एक लोखंडी साचा. साच्यात कोपराचा खळगा होता. खळग्यात तळाशी एक मासा कोरलेला होता.

खिचडीचा द्रोण कुठं गेला ते मला आठवत नाही. नंतर चपलेत सापडला. मी सरळ साच्यावर झडप घातली आणि पाच-सहा माणसं एकदम ओरडली, “छोंबेन ना! छोंबेन ना!” हात लावू नका! नातवानं माझं मनगट धरलं.

मी खिशातला तुकडा काढून हाराधनबाबूंच्या हातात ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेलाच नाही. अंगठ्यानं चाचपला आणि हसले.

“ही माझी पुंटी,” ते म्हणाले. पुंटी म्हणजे इथली बोटाएवढी चिल्लर मासळी. “मोठा रुई मासा कोरायचा विचार होता. एवढ्याशा जागेत पुंटीच मावली.”

परदेशातून सुटे भाग येणं बंद झालं होतं तेव्हा शहरातल्या जुन्या गाड्यांच्या केबल हाराधनबाबू या दुकानामागच्या भट्टीवर बनवत होते. सैन्याच्या अमेरिकन गाड्यांचा कोपर त्यांनी मूळ नगावरून साच्यात उतरवला होता. दुसऱ्या कुणी आपला माल स्वतःचा म्हणून विकू नये म्हणून मासा. शुभ्रादींच्या वडिलांच्या पिकअपमध्ये तीच केबल वर्षानुवर्षं होती. मी सात समुद्र पलीकडे पत्र पाठवत होतो, आणि तो कोपर होता बेहालाहून डमडमइतक्याच अंतरावर!

मला तिथंच नाचावंसं वाटलं. ते जमलं नाही, म्हणून मी बोलत सुटलो. गाडी, कबाब, उद्याची तपासणी, सगळं. आणि त्या भरात हेही बोलून गेलो, की तुमच्या केबल मी ढिगानं जाळल्या आहेत.

हाराधनबाबूंनी तो तुकडा पुन्हा अंगठ्यानं चाचपला. “धूर फार यायचा ना?” त्यांनी विचारलं.

“फार. काळाकुट्ट. डोळे चुरचुरायचे.”

“ते माझं वार्निश. दोन हात जास्त लावायचो मी,” ते म्हणाले, आणि त्यात इतका अभिमान होता की मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो.

मग मी म्हणालो, आत्ता भट्टी लावू या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. “वर्षातून एक दिवस हत्यारं बसतात, जोशीबाबू. आज त्यांना उठवायचं?”

मीही बेचाळीस वर्षं या दिवशी साधा स्क्रू फिरवला नव्हता. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याची गाडी भर रस्त्यात बंद पडली होती, तरी गेलो नव्हतो. दुसऱ्याच्या देवापुढची हत्यारं उचलायला मी कुठल्या तोंडानं सांगणार?

“उद्या पहाटे या,” ते म्हणाले. “फुलं उतरली की साचा तुमचा. केबल आहे का तुमच्याकडे?”

केबल! वेल्डिंगची होती, पण रबराची, आणि ती त्या साच्यात बसणार नव्हती. नातू माळ्यावर चढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक भेंडोळं घेऊन खाली आला. काळा सुती गोफ, वार्निश अजून चकाकत होतं. शेवटचं उरलेलं. ती कामाची वस्तू होती, पण हत्यार नव्हती, म्हणून मोजायला हरकत नाही असं हाराधनबाबूंनी ठरवलं. मी सुतळीनं मोजली. पिकअपला लागतात दोन तुकडे, बॅटरीपासून बटणापर्यंत एक आणि बटणापासून स्टार्टरपर्यंत एक. दोन्ही मिळून जेवढी हवी होती त्यापेक्षा ती चार बोटं जास्त निघाली. चुकून एक टोक वाया गेलं तर चालणार होतं, दोन गेली तर संपलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुनीतानं डब्यात पोहे दिले, आणि मी सहाच्या आत डमडमला पोचलो. नातवानं फुलं उतरवली. हाराधनबाबूंचे हात कापत होते, म्हणून ओतायचं काम माझ्याकडे आलं. जन्मात मी शिसं ओतलं नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी मी शिकाऊ झालो आणि त्यांनी लगेच मला ‘अरे-तुरे’ करायला सुरुवात केली.

“सुकी काडी बुडव. काळी झाली?”

“तांबूस झाली.”

“मग थांब. घाई बेहालाला जाऊन कर.”

साच्याला आतून दिव्याची काजळी धरायची, म्हणजे शिसं चिकटत नाही. तांब्याच्या तारा सोलून कथलाचा हात द्यायचा, त्या साच्यात बरोबर मध्ये धरायच्या आणि पळीनं एका दमात ओतायचं. मी पहिलं टोक ओतलं, साचा उघडला. माशाला शेपूट नव्हती आणि कोपराला वरून खालपर्यंत चीर.

“साचा थंड होता,” हाराधनबाबू आवाजावरूनच म्हणाले. “काप.”

जास्तीची चार बोटं तिथेच गेली. पुढची टोकं ओतताना मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही. साचा तापवला, काडी काळीभोर झाली, पळी कलली. साचा उघडला तर कोपर आरशासारखा लखलखत होता आणि मासा शेपटीसकट. त्यानंतरची तिन्ही टोकं तशीच निघाली. हाराधनबाबूंनी चारही टोकांवरून अंगठा फिरवला आणि नातवाला म्हणाले, “याला चहा दे.”

घड्याळात सव्वाआठ. रस्त्यावरून बेहाला गाठायला दोन-अडीच तास सहज गेले असते, म्हणून मी मेट्रो धरली. आता पिशवीत दोन जाड काळ्या केबल, चकाकती टोकं, आणि ती पिशवी तपासणीच्या यंत्रातून जाते. सुरक्षेच्या बाईंनी मला बाजूला घेतलं.

“हे काय आहे?”

“बॅटरीची केबल. युद्धाच्या काळातल्या गाडीची.”

‘युद्ध’ हा शब्द मी वापरायला नको होता. त्यांनी आणखी एकाला बोलावलं. मी दोघांना सगळं सांगू लागलो, सहा व्होल्ट, कोपर, शुभ्रादी, आणि उत्साहाच्या भरात पोह्यांचा डबाही उघडून दाखवला. बाईंनी टोक हातात घेऊन निरखलं. “पुंटी?” त्या म्हणाल्या. “पुंटीच!” मी म्हणालो. त्यांनी केबल पिशवीत घातली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “पळा काका, गाडी लागलीये.”

कालीघाटला उतरून ऑटो केली. शुभ्रादींच्या अंगणात पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होती. शुभ्रादी पांढरी लाल काठाची साडी नेसून गाडीशेजारी उभ्या होत्या. मी पिशवी उघडून दाखवली. त्यांनी तोंडावर पदर धरला.

बेचाळीस वर्षांत मी इतक्या जपून काही बसवलं नव्हतं. कोपर खणात असा बसला की झाकण लागलं तरी मधून कागद सरकावा. अकराला दहा कमी असताना मी गाडीखालून बाहेर आलो तेव्हा फाटकाशी बाप्पा उभा होता, आणि ठरल्या वेळेच्या आधीच आलेला तो कापणारा माणूसही, खांद्यावर यंत्र घेऊन. पाठोपाठ तपासणीचे अधिकारी आले. मध्यमवयीन, घामेजलेले, मितभाषी. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चॅसीचा नंबर पुसून वाचला, फळी उचलायला लावली, केबलकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

“चालू करा.”

शुभ्रादींनी चप्पल काढली आणि अनवाणी पायानं बटण दाबलं. गाडी पहिल्याच फटक्यात पेटली! अंगणभर निळा धूर. मी शहाण्यासारखा वागायचं ठरवलं होतं, पण टाळ्या वाजवल्याच.

अधिकाऱ्यांनी पाच मिनिटं इंजिन तापू दिलं. मग म्हणाले, “बंद करा. पुन्हा चालू करा.”

माझ्या टाळ्या थांबल्या. सहा व्होल्टच्या गाडीची खरी परीक्षा हीच. केबल बरी असली की थंड इंजिन सुरू होतंच. तापलं की ते जड होतं, स्टार्टरला दुप्पट जोर लागतो, आणि केबल कुठे एवढीशी जरी कमी पडली तरी गाडी तिथंच दगा देते. या माणसाला हे ठाऊक होतं. शुभ्रादींनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान डोलावली.

त्यांनी बटण दाबलं. घुर्र. काही नाही. पुन्हा घुर्र, जरा जड. कापणाऱ्या माणसानं खांद्यावरचं यंत्र खाली ठेवलं. शुभ्रादींनी पाय काढला नाही. वर्गातल्या ढ मुलीला उत्तर सुचेपर्यंत उभं ठेवावं तशा त्या बटणावर पाय रोवून बसल्या. आणि गाडीनं उत्तर दिलं.

अधिकारी पहिल्यांदाच हसले. कागद घडी करून खिशात घातला, पलीकडचं दार उघडून शुभ्रादींच्या शेजारी चढून बसले आणि म्हणाले, “जरा चालवून दाखवा.”

मला वाटलं, अंगणात पुढे-मागे करतील. शुभ्रादींनी गिअर टाकला, हॉर्न दिला, आणि पिकअप फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळला. गल्लीतली पोरं मागे धावली. आम्ही तिघं, बाप्पा, तो कापणारा माणूस आणि मी, धुरात उभे राहिलो. इंजिनाचा आवाज मोठ्या रस्त्याला लागला, लहान झाला, मग ऐकूच येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

बाप्पाचा फोन वाजला. सॉल्ट लेकचा मित्र होता. बाप्पा बराच वेळ ऐकत राहिला आणि गल्लीच्या टोकाकडे बघत राहिला.

“नाही रे, आता नाही कापता येणार,” तो म्हणाला. “पिशी घेऊन गेलीये. साहेबांनाही बसवून नेलंय... कुठं, ते मला काय माहीत!”